फळ्यावरचा युगोस्लाव्हिया

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे बरं का! जाम गावच्या चौफुलीवर अण्णाजींचं गुरांच्या खुराकाचं, सरकी-ढेपेचं दुकान आहे, त्याच्या दाराशी मी टांगलेला. सुताराने सागाच्या फळ्या जोडून मला घडवलं, वर काळा रंग चोपडला, आणि रोज सकाळी माझ्यावर कापसाचा भाव लिहिला जाऊ लागला. एसटीची वाट पाहणारे सगळे आधी माझ्याकडे बघत. त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

१९९० साली फुटबॉलचा विश्वचषक आला आणि अण्णाजींच्या डोक्यात खूळ शिरलं. चोवीस संघांच्या चोवीस चिठ्ठ्या त्यांनी टोपल्यात टाकल्या.

"ज्याची चिठ्ठी त्याची टीम, अन् तेबी जन्मभर! मंग रडाचं नाई!"

त्यांचे दोस्त किसनराव यांना हॉलंड निघालं. शेजारच्या खेड्यातल्या तानबाला निघालं युगोस्लाव्हिया. प्रत्येकाचं नाव, त्यापुढे त्याची टीम आणि रोजचे निकाल माझ्यावर लिहायचं ठरलं.

"हे काय हाय जी? औषधाचं नाव हाय का?" तानबा म्हणाला. सगळे खो-खो हसले.

पण त्याच संघाने स्पेनला हरवलं, पहिल्या आठांत धडक मारली आणि अर्जेंटिनाकडून पेनल्टीवर हार खाल्ली. तानबाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. जीव जडला तो जडलाच.

पुढे त्या देशात लढाई पेटली. देशाचे तुकडे झाले, संघावर बंदी आली. १९९४ च्या विश्वचषकात तानबाच्या नावापुढे माझी जागा कोरीच राहिली. तरी तो रोज यायचा, दुसऱ्यांचे निकाल वाचायचा आणि गुमान निघून जायचा. मला फार वाईट वाटे.

१९९८ साली मात्र नवल झालं. उरलेला युगोस्लाव्हिया आला आणि त्यातूनच फुटलेला क्रोएशियाही आला. युगोस्लाव्हियाला हॉलंडने हरवलं. किसनरावांनी मिशांवर ताव दिला. मग त्याच हॉलंडला हरवून क्रोएशियाने तिसरा नंबर पटकावला! तानबा पेपर घेऊन धावत आला आणि आपल्या नावापुढे स्वतःच खडूने 'क्रोएशिया' लिहिलं.

"माह्या दुसऱ्या पोरानं बदला घेतला, किसनराव!"

"वा रे वा! ते कुठून तुही टीम झाली?" किसनराव उसळले.

अण्णाजींनी फडकं उचललं. "नियम म्हणजे नियम, तानबा. एका चिठ्ठीत एकच टीम." आणि त्यांनी ते नाव पुसलं.

तानबाने चपला घातल्या आणि गेला. मित्रांनो, त्यानंतर तब्बल आठ वर्षं तो माझ्यासमोर उभा राहिला नाही. माझा रंग उडाला, कडा कुजल्या. अण्णाजी रोज एसटीतून उतरणाऱ्यांत त्याला शोधायचे, पण निरोप धाडायला मान खाली घालावी लागते ना!

२००६ साली विश्वचषकाच्या दिवसांत तानबाची बायको रुख्मिणी ढेप न्यायला आली.

"तानबा काऊन येत नाई, रुख्मिणीबाई?" अण्णाजींनी विचारलंच.

"ते घरीच पेपर वाचत बसते जी. अण्णाजी, आमच्या घरी दोन पोरायच्या दोन चुली झाल्या. म्हणून काय आमी एकाचेच मायबाप राह्यलो? तुमी तं त्यायले एक पोरगं निवडाले लावलं."

अण्णाजींचा चेहरा पडला. तिची एसटी निघायच्या आत त्यांनी माझ्यावर तानबाच्या नावापुढे दोन संघ लिहिले: क्रोएशिया, आणि सर्बिया-माँटेनेग्रो; उरलेल्या युगोस्लाव्हियाचं आता हेच नाव होतं. गंमत पाहा, हा दुसरा देशही त्याच महिन्यात फुटला होता. मागे देश नाही, तरी अकरा जण मैदानात एकत्र खेळत होते.

"त्याले सांगजा," अण्णाजी म्हणाले, "म्या चुकलो."

दोनच दिवसांनी अर्जेंटिनाने त्या संघावर सहा गोल चढवले. सकाळी अण्णाजी खडू घेऊन नुसतेच उभे होते. आकडा लिहायला हात धजेना. इतक्यात मागून आवाज आला.

"लिहा जी! सहा खाल्ले तं खाल्ले. माह्येच हायेत."

अण्णाजींनी खडू तानबाच्या हातात दिला. दोघांचेही डोळे भरले होते. किसनरावसुद्धा त्या दिवशी चिडवायचं विसरले.

आता मला वाळवी लागली आहे, मित्रांनो. माझी एकच विनंती आहे. फळा पुसायला एक फडकं पुरतं; पण पुसण्याआधी मागे वळून विचारा, हे नाव कोणाचं आहे?