माझी चाकं निघाली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी मिलिंग मशीन आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात शालिकरामांच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे मी उभी असते. माझ्या टेबलावर लोखंडाचा तुकडा आवळायचा, वर कटर सुरू करायचा आणि हाताने चाकं फिरवून टेबल हळूहळू सरकवायचं. मग त्या तुकड्याला हवा तो आकार येतो.

पंजाबातल्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. शालिकरामांनी मला आणलं तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. पंपाचे, कोळपणीच्या डवऱ्याचे, तेलघाण्याचे किती सुटे भाग आम्ही दोघांनी घडवले! बाळापूरपासून लोक यायचे आणि म्हणायचे, "शालिकभाऊ, तुमच्या हातची खाच केसभर इकडंतिकडं होत नाई." ते ऐकून मला माझाच अभिमान वाटायचा.

मग शालिकरामांना कंपवात झाला. चाक धरलं की हात थरथरायचे आणि खाच वाकडी जायची. एके दिवशी त्यांनी मला पुसलं आणि माझ्यावर पोतं टाकलं. त्यानंतर ते खोलीत येईनासे झाले. माझ्या अंगावर गंज चढला.

त्यांची मुलगी गीतांजली अमरावतीच्या एका कारखान्यात संगणकावर चालणाऱ्या मशिनी सांभाळते. दिवाळीच्या आधी ती घरी आली तेव्हा शालिकराम म्हणाले, "इकून टाक तिले. आता माह्या हातानं काई होत नाई."

"कावून इकायची? चाकांचं काम मोटरी करतीन, बाबा. मोटरीले कुठं फिरवायचं ते संगणक सांगीन. अन् काय बनवायचं ते तुमी सांगा."

"चाकं काढली त मंग मशीन कायची रायली ते?"

खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. ज्या चाकांवर त्यांच्या तळव्यांनी चकाकी आणली होती, ती निघाली तेव्हा मी फार घाबरले. चाकांच्या जागी मोटरी आल्या, जुन्या ढिल्या स्क्रूंच्या जागी घट्ट स्क्रू आले. तारा थेट स्वयंपाकघरापर्यंत पसरल्या. "कणकीत वायरचे तुकडे निंगून राहिले," म्हणून गीतांजलीची आई माणिकबाई लेकीवर ओरडल्या.

त्यातच बाळापूरची जयवंता नायलॉनची तुटकी चकती घेऊन आली. तिच्या पेरणी यंत्रातली ही चकती एकेक दाणा जमिनीत सोडते. यंत्र बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

"भाऊ, वावरातली ओल हटून राहिली. आता पेरा नाई झाला त हरभरा निंगत नाई."

शालिकराम तिला नाही म्हणणार, तोच गीतांजलीने चकती हातात घेतली.

मोटरी बसल्यावर पहिल्यांदा मला सुरू केलं, तेव्हा माझं टेबल भलत्याच दिशेला धावलं. फिरता कटर तुकडा आवळून धरणाऱ्या लोखंडी शिकंज्यावर आदळणार होता. आता कटर तुटतो आणि मीही मोडते, असं मला वाटलं. गीतांजली संगणकापाशी होती, मला थांबवायच्या लाल बटणापर्यंत तिचा हात पोचेना. शालिकराम माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी थरथरता तळवा लाल बटणावर आपटला आणि मी जागच्या जागी थांबले.

"एका मोटरीच्या तारा उलट्या लागल्या, बाबा," गीतांजली म्हणाली.

"होते असं. लाव सरळ," शालिकराम म्हणाले आणि त्यांनी स्टूल ओढून माझ्याजवळ बैठक मारली. "अन् कटरचे फेरे कमी ठेव, नाई त नायलॉन वितळते."

तारा सरळ झाल्या. माझं टेबल आपोआप सरकू लागलं. नायलॉनच्या नव्या चकतीवर एकामागून एक सारखी भोकं पडत गेली. शालिकराम प्रत्येक भोकात हरभऱ्याचा दाणा टाकून बघत होते. दाणा थरथरत खाली यायचा, पण बसायचा नेमका. शेवटचा दाणा बसला तेव्हा त्यांनी डोळे पुसले. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

जयवंताचा पेरा ओल असतानाच झाला. थंडीत ती हरभऱ्याची कोवळी भाजी घेऊन आली. "पाटीवर रेघा मारल्यासारखा निंगला, भाऊ!" ती म्हणाली.

आता शालिकराम रोज सकाळी खोलीत येतात. फोनवर गीतांजलीला आकार सांगतात, ती अमरावतीहून तो संगणकावर पाठवते; मग ते कटर निवडतात आणि हिरवं बटण स्वतः दाबतात.

मित्रांनो, घरातलं एखादं यंत्र बंद पडलं, तर भंगारात देण्याआधी ते एकदा उघडून बघा. ते चालवणाऱ्या माणसालाही शेजारी बसवा. काय अडलंय, ते त्यालाच विचारा.