नूरुद्दीनला लागलेली झोप

एकाहत्तर सालचा जानेवारी. कोपरगावजवळच्या एका दहा खाटांच्या दवाखान्यात पुष्पावती साळवे नर्स होती. त्या सकाळी डॉक्टर बोठे नसबंदीच्या शिबिराला निघाले, ते जाता जाता चार नंबरच्या खाटेपाशी थांबले.

खाटेवर नूरुद्दीन पिंजारी उशांना टेकून बसला होता. तीस वर्षं गावोगाव कापूस पिंजून त्याची छाती निकामी झाली होती. थंडी पडली की दम लागायचा. यंदाचा दम तीन दिवस झाले तरी उतरला नव्हता. ओठ काळेनिळे पडलेले, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताणलेल्या, आणि छातीतली शिट्टी पार व्हरांड्यात ऐकू येत होती.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : ॲमिनोफायलीन शिरेतून, दर सहा तासांनी. ऑक्सिजन अगदी थोडा. खाली आणखी एक ओळ : तगमग वाढल्यास झोपेचं इंजेक्शन.

"सर, यांना झोपेचं द्यायचं?" पुष्पावतीनं विचारलं.

"तीन दिवस डोळ्याला डोळा नाही त्याच्या. थकून जाईल माणूस," म्हणत ते जीपमध्ये बसलेसुद्धा.

बारा वाजता तिनं दम उतरवणारं ते ॲमिनोफायलीन ग्लुकोजमध्ये मिसळून शिरेत द्यायला घेतलं. एक हात पिचकारीवर, दुसऱ्या हाताची बोटं नाडीवर, नजर घड्याळावर. नूरुद्दीनचा धाकटा भाऊ शमशेर कडेला उभा होता. त्याला राहवेना.

"बाई, येवढं हळू का? घाला की एकदम."

"एकदम घातलं तर दमाआधी काळीज बंद पडेल. पंधरा मिनिटं लागतात."

औषध गेलं, पण तगमग थांबेना. नूरुद्दीन कांबळं फेकू लागला, नाकातली नळी ओढू लागला. त्याची बायको सकीना हात जोडून पुढे आली. "सिस्टर, डॉक्टरसायबांनी झोपेची सुई लिवलीय ना? द्या की. लई हाल व्हत्यात त्यांचे."

पुष्पावतीनं ते इंजेक्शन कपाटातून काढलं. काचेची ती बारीक नळी हातात धरून ती थोडा वेळ उभी राहिली. नगरला शिकत असताना असाच एक दमेकरी म्हातारा तिनं पाहिला होता. सुई दिली, म्हातारा झोपला, पुन्हा उठला नाही. पण लेखी हुकूम मोडायचा, आणि माणूस तसाच गेला तर?

"आत्ता नाही देत," ती म्हणाली. "जागे आहेत म्हणून ते श्वास ओढताहेत, सकीनाबी. झोपवून चालणार नाही."

सकीनानं फेकलेलं कांबळं पुन्हा नवऱ्याच्या अंगावर ओढलं. शमशेर मात्र रागानं बघत राहिला.

इतक्यात पलीकडच्या खोलीतून बाळंतपणाला आलेल्या लंकाबाईच्या कळांचा ओरडा आला आणि पुष्पावती तिकडे धावली. बाळंतपण अडून बसलं होतं. मुलगी झाली तेव्हा दोन वाजून गेले होते. हात धुताना तिच्या लक्षात आलं, की शिट्टी ऐकू येत नाही.

ती ओल्या हातांनीच चार नंबरकडे गेली. सकीना हसून म्हणाली, "सुईबिगर झोपले बघा. अल्लानं ऐकलं."

नूरुद्दीनची मान एका बाजूला कलली होती. तीन दिवसांचा काळा चेहरा चांगला गुलाबी दिसत होता. कपाळावर घाम होता, हात ऊबदार होते. पुष्पावतीनं त्याच्या छातीवर नजर ठेवली. छाती हलली. मग थांबली. थांबूनच राहिली. किती तरी वेळानं पुन्हा हलली.

ऑक्सिजनच्या सिलिंडरला जोडलेल्या बाटलीत पाणी नुसतं खळखळ उकळल्यासारखं होत होतं. सकाळी तिनं त्यात एकेकच बुडबुडा सुटेल एवढीच चावी उघडली होती.

"चावी कुणी फिरवली?"

"म्या," शमशेर म्हणाला. "तुमी लईच कमी सोडत हुता. भाऊ माझा गुदमरत हुता, बाई!"

तिनं चावी फिरवून बुडबुडे पुन्हा मोजके केले. "यांच्या छातीला जास्त हवा सोसत नाही. हवा कमी पडते म्हणून तर छाती श्वास ओढते. भरपूर मिळाली की ओढायचंच विसरते. उचला त्यांना, बसतं करा!"

तिनं श्वास चेतवणारं कोरामीनचं इंजेक्शन दिलं, मुठीनं छातीचं हाड चोळलं, मोठमोठ्यानं हाका मारल्या. पापणी हलेना. "तुम्ही बोलवा," ती सकीनाला म्हणाली.

"शहजादीके अब्बा!" सकीनानं नवऱ्याचे खांदे धरले. "आंखां खोलो जी! सांस लेव!"

हाक मारली की एक श्वास. हाक थांबली की श्वास थांबे. तासभर दोघी आळीपाळीनं ओरडत होत्या. शमशेर भावाची पाठ छातीशी धरून बसला होता. तो रडत होता, पण त्यानं पकड सोडली नाही. साडेतीनच्या सुमाराला नूरुद्दीननं कण्हून हात झटकला, आणि छातीत पुन्हा बारीक शिट्टी वाजू लागली. ती ऐकून पुष्पावतीनं पुन्हा त्याची नाडी धरली.

संध्याकाळी डॉक्टर आले. तिनं सगळं सांगितलं, झोपेचं इंजेक्शन दिलं नाही हेही. त्यांनी कागद हातात घेतला. मग पेन काढून झोपेच्या इंजेक्शनची ती शेवटची ओळ खोडली आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

नवव्या दिवशी नूरुद्दीन घरी गेला. तोवर शमशेर त्याच्या उशाशी बसून श्वास मोजत असे; पुष्पावतीनंच त्याला शिकवलं होतं. पहिल्या रात्री त्यानं विचारलं होतं, "किती झाले म्हंजी तुमाला हाक मारायची?"

"मिनिटाला दहाच्या खाली आले की," ती म्हणाली होती. "आणि अगदी शांत झोपले, तरी मार."