न सांगता गेलेली ताई

अन्याय नसीमवर झाला. गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी आठपासून दुपारी बारापर्यंत, भिवंडीतल्या आमच्या बालकेंद्राच्या बंद दारासमोर, पायरीवर. नऊ वर्षांची मुलगी, मांडीवर फुलाफुलांची पिशवी, पिशवीत दोन फ्रॉक. आणि केसांवर, भुवयांवर, पापण्यांच्या टोकांवर यंत्रमागांतून उडणारा नेहमीचा तो पांढरा तरंगता कापूस, जणू तिच्या एकटीच्या अंगावर एक हलका, कधीच न वितळणारा हिवाळा उतरलेला. अन्याय करणारी मी. परिस्थिती, संस्था, कामाचा ताण, यांतलं काहीही मला ढाल म्हणून पुढे करायचं नाही.

नसीम यंत्रमागांच्या आवाजात जन्मली. तिच्या गल्लीत आवाज हेच हवामान. पत्र्याच्या फटीतून उतरणारा उन्हाचा पट्टासुद्धा मागाच्या प्रत्येक ठोक्यासरशी थरथरतो, आणि त्या थरथरत्या उजेडात बसून तिची आई कांड्या भरते, आडव्या धाग्याच्या नळ्या गुंडाळते. अशा घरातलं मूल कानांपेक्षा डोळ्यांनी अधिक ऐकतं. नसीम बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहत नसे; ओठांकडे पाहत असे, एकाग्र, किंचित मान पुढे काढून, जसं एखादं पाखरू पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहतं. आणि स्वतः बोलायची ती ओरडून. केंद्रात मी गोष्ट सांगायला लागले की तिच्या त्या टक लावलेल्या नजरेपुढे मला वाटायचं, आपला शब्द हवेत विरत नाही, कुठेतरी टिपला जातोय. त्या टिपल्या जाण्याचा मला मोह पडला. मोहच म्हणते. माया हा शब्द आम्ही आमच्या पत्रकांत फार स्वस्त केलाय.

त्याआधीच्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या सकाळी, केंद्राच्या पायरीवरूनच मी तिला एसटीने दोन दिवस गणेशपुरीला, माझ्या घरी नेलं. मुलांना कार्यकर्त्यांनी घरी न्यायचं नाही असा नियम होता. मला तो नियम कोरडा, भित्रा, कागदी वाटत होता. भाताची कापणी उरकलेली, शेतांवर सोनेरी खुंट उरलेले, आणि सगळीकडे अशी शांतता की नसीम बावरून गेली. अंगणात उभी राहून तिने माझ्या आईला ओरडून विचारलं, "इथं मशीन कधी चालू होणार?"

"आगो पोरी, हळू बोल," आई म्हणाली. "आमी म्हातारी हाव, बहिरी न्हाय."

नसीम लाजून हसली आणि पहिल्यांदा कुजबुजल्यासारखं बोलली. माझ्या आईने तिच्या डोक्याला तेल लावलं, कापूस एकेक करून वेचून काढला. पण संध्याकाळी चुलीशी बसून मला सुनावलंच: "न्यायची तर दरसाल न्यायची. न्हाय तर न्यायचीच न्हाय. पोर हाय ती, पावनी न्हाय."

मी हसण्यावारी नेलं. निघताना नसीमला म्हणाले, "पुढच्या दिवाळीलाही येऊ हं." तिने ते माझ्या ओठांवरून वाचून घेतलं.

जूनमध्ये माझी बदली ठाण्याच्या कचेरीत झाली, पत्रकं लिहायला. शेवटच्या दिवशी मी मुलांना चित्रं काढायला लावली आणि मागच्या दाराने निघून आले. रडारड नको, म्हणून. कुणाची रडारड? माझी. नव्याने रुजू झालेल्या कविताने मुलांना सांगितलं, ताईंची बदली झाली. सगळ्यांनी ऐकलं. नसीमने मानलं नाही.

धनत्रयोदशीला दुपारी एक वाजता कविताचा फोन आला. "नसीम तुझ्याकडे आलीये का? सकाळपासून पायरीवर होती म्हणे. आता नाहीये."

मी ठाण्याहून भिवंडीकडे निघाले. दापोडे, वळ, गोदामांच्या रांगा, कंटेनरच्या अखंड भिंती. रिक्षा इंचाइंचाने सरकत होती आणि प्रत्येक ट्रकच्या चाकाखालचा अंधार मी डोळ्यांनी तपासत होते. आश्विनाचं ते स्वच्छ, निरागस ऊन मला त्या दिवशी क्रूर वाटलं. इतक्या उजेडात एक मूल दिसेनासं होतं, यावर मन विश्वासच ठेवेना. गल्लीत नसीमची आई उभी होती, हातात धागा तसाच. ती रडत नव्हती. "दीदी," ती म्हणाली, "रास्ता तो आपने ही दिखाया था ना?"

मी पुन्हा गल्लीगल्लीतून शोधायला लागले.

साडेतीनला माझ्या आईचा फोन. नसीम एकटीच एसटीत बसली होती. कंडक्टरने विचारलं तर ऐटीत म्हणाली, माझ्या ताईचं गाव हाय, मला माहीत हाय. त्या भल्या माणसाने तिला आमच्या दारापर्यंत पोचवलं.

मी पोचले तेव्हा ऊन ओट्यावरून उतरत होतं. ती पिशवी न उघडता बसली होती.

"कविता दीदी झूठ बोलली," ती म्हणाली. "बोलली की तू गेली."

"ती खरं बोलली, नसीम. मी गेलेय."

तिने माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग नजर काढून घेतली, जसं कुणी दिलेला हात सोडवून घेतं. "मग मला का नाही बोललीस?"

त्या दिवसापासून तिच्या आईने तिला केंद्रात पाठवणं बंद केलं, आणि शाळेतही. नसीम आता कांड्या भरते. कविता दर आठवड्याला दारात जाऊन उभी राहते. नसीम यंत्राकडे तोंड करून बसते, वळत नाही. ती पुन्हा येईल का, कुणालाच ठाऊक नाही. मला तिथे जायची परवानगी नाही, आणि नसावीच. लोक म्हणतात, तू जीव लावलास, तुझी काय चूक. हे खोटं आहे. मी जीव लावला नाही, लावून घेतला. त्या कोरड्या वाटणाऱ्या नियमात माझ्या सगळ्या गहिवरापेक्षा जास्त दया होती.

मोठ्या माणसांसाठी जाणं एकदाच घडतं. मुलासाठी न सांगता गेलेलं माणूस कधी जाऊन संपत नाही. ते रोज सकाळी नव्याने येत नाही, आणि त्या न येण्यावरच मूल काळ मोजायला शिकतं. म्हणून, केंद्रात, वसतिगृहात, वस्तीत मुलांबरोबर काम करणाऱ्या तुम्हाला सांगते: पाळता येणार नाही असं जे वचन तुम्ही एखाद्या मुलाला दिलंय, ते उद्या सकाळी जाऊन परत घ्या, समोर बसून. आणि तुम्ही तिथून कोणत्या दिवशी जाणार आहात, ते त्याला आधी सांगा. रडलं, तर रडू द्या. उठू नका.