खोलीची पाटी

मित्रांनो, माझा रंग ताजा दिसतो, पण त्याला भुलू नका. मी पोहण्याच्या तलावावरची एक जुनी पत्र्याची पाटी आहे. नव्या रंगाखाली तोंड लपवून बसले आहे, असं म्हटलंत तरी चालेल. का, ते सांगते.

मला लिहिलं एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने. त्याचं अक्षर फार वळणदार. वरच्या भागात त्याने ठसठशीत लिहिलं, ‘खोली’, आणि शेजारी एक लांबलचक बाण काढला. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, ‘आठ फूट. पोहता न येणाऱ्यांनी पुढे जाऊ नये.’ तोवर त्याची जेवायची वेळ झाली होती, म्हणून खालच्या ओळींना त्याने रंगाचा एकच हात दिला. मग उथळ पाणी संपून तळ एकदम खाली जातो, तिथल्या भिंतीवर मला ठोकलं. माझ्यापुढे भिंत आणि पाणी यांच्यामध्ये फक्त एक अरुंद, ओला काठ आहे.

सुरुवातीला माझा केवढा मान होता! पोहायला शिकवणाऱ्या बाई नव्या मुलांना आधी माझ्यासमोर उभं करत आणि मोठ्याने वाचायला लावत.

“काय कळलं?”

“बाई, तिकडे पाय टेकत नाहीत!”

“मग?”

“तिकडे जायचं नाही!”

हे ऐकून माझा पत्रा उन्हाशिवायच तापायचा.

पुढे बाई दुसऱ्या गावी गेल्या. माझ्या खिळ्यांवर लोक ओले टॉवेल अडकवू लागले. पाण्याचे शिंतोडे बसून खालच्या ओळींचे पोपडे निघाले आणि एक दिवस त्या पार नाहीशा झाल्या. उरलं फक्त ‘खोली’ आणि तो बाण. रोज पोहायला येणारे एक काका मला बघून विचारायचे, “काय हो, खोली भाड्याने द्यायची आहे का?”

“आहे की! चोवीस तास पाणी!” जीवरक्षक म्हणायचा.

सगळे पोट धरून हसायचे. आणि मित्रांनो, मीही हसायचे. चार लोक आपल्याकडे बघतात, याचंच मला कौतुक. व्यवस्थापक म्हणायचे, “रंगवून घेऊ एकदा.” ते ‘एकदा’ काही उजाडलं नाही.

मग एका दुपारी भिंगरी आली. तिचं खरं नाव मला ठाऊक नाही, मावशी तिला याच नावाने हाक मारायची. एका जागी ठरेल तर शपथ! ती नुकतीच वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्याने वाचत सुटली होती. दारावरचं ‘ढकला’ वाचून तिने दार असं ढकललं की मावशी म्हणाली, “अगं, मोडशील!” मावशीला तिकिटं काढायची होती. “तू हो पुढे. कपडे बदलायची खोली आतच आहे. मी आलेच,” ती म्हणाली.

भिंगरी पिशवी छातीशी धरून माझ्यासमोर उभी राहिली. “खो... ली. खोली!” तिचा चेहरा खुलला. ती बाणाच्या दिशेने निघाली. मला हाक मारता येत नाही. तशी शरम मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ओल्या काठावरून तिचा पाय सटकला. छपाक आवाज झाला, पण तलावावर त्या आवाजाने कोण वळून बघतं? जीवरक्षक तर पाठमोरा उभा राहून काकांशी गप्पा मारत होता. भिंगरी ओरडली नाही. बुडणाऱ्याला बहुतेक वेळा ओरडताच येत नाही, मित्रांनो.

“भिंगरी? अगं, कुठे आहेस?” मावशी कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आली आणि तिला पाण्यावर तरंगणारी पिशवी दिसली. तिची किंकाळी ऐकून जीवरक्षकाने उडी घेतली. त्याने भिंगरीला वर आणलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. त्याने तोंडाने तिला श्वास दिला, छाती दाबली, पुन्हा श्वास दिला. अखेर ती खोकली आणि रडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र पडला नाही.

“तिकडे कशाला गेलीस गं, बाळा?” मावशी तिला टॉवेलात गुंडाळत रडत होती.

“तिथे खोली लिहिलंय ना. मी बरोबर वाचलं ना गं, मावशी?”

काकांनी मान खाली घातली. मावशी तिला उचलून डॉक्टरांकडे घेऊन गेली.

दुसऱ्याच दिवशी माझ्यावर नवा रंग चढला. ‘थांबा. खोल पाणी.’ अरुंद काठावर आडवा कठडाही लागला. इतकं सोपं होतं ते.

मित्रांनो, पुसटलेली पाटी दिसली तर हसून पुढे जाऊ नका, ती रंगवेपर्यंत मोठ्यांच्या मागे लागा. पाण्याजवळ पळू नका आणि मोठ्या माणसाचा हात सोडू नका. आणि घरच्या मोठ्यांना सांगा, तलावावर ‘तू हो पुढे’ म्हणू नका.

भिंगरी परवा पुन्हा आली. मावशीचा हात तिने घट्ट धरला होता. तिने मला अक्षर न् अक्षर वाचलं आणि हळूच विचारलं, “मावशी, हे खरं आहे का गं?”

मावशी “हो” म्हणाली. जाताना दारापाशी भिंगरी थांबली. ‘ढकला’ हा शब्द तिने मनातल्या मनात वाचला, पण दाराला हात लावला नाही. आधी वर मावशीकडे बघितलं.