पंधरा पावलांवरचा निंबू

बंडूजी माहे इवाई, म्हंजे माह्या ज्योत्स्नाचे सासरे. मानूस सोन्यासारखा, पन हातात छर्र्याची बंदूक आली का डोक्यात हवा जाते. आमच्या हिंगणीत तान्ह्या पोळ्याच्या दुपारी निंबू-पाड राह्यते. बाभळीच्या फांदीले दोऱ्यानं निंबू टांगाचा, मांगं रेतीची पोती रचाची, अन् पंधरा पावलांवरून आळीपाळीनं तीन-तीन छर्रे माराचे. माहे मालक तानबाजी होते तवा जीत आमच्याच घरी राहे. ते गेले, मंग माही नजर मंदावली. नळीच्या टोकावरची माशी, म्हंजे नेम धराचा दाना, पाहू तं निंबू धूसर, निंबू पाहू तं माशी गायब. तीन सालांपासून इवाईच जिंकून राह्यले.

औंदा त्यायनं साऱ्यायसमोर म्हटलं, "ईनबाई, यंदाबी हारल्या तं तानबाजीची बंदूक माह्या घरी. तुमच्याकडं नुसती जंग खाऊन राह्यली."

असा राग आला का सांगू नोका! "कबूल! पन मी दुर्बीण लावीन."

"लावा ना! दुर्बीण लावा, चष्मा लावा, उदबत्ती लावा!"

सारे हासले. घरी येऊन मी रडली. त्या बंदुकीच्या लाकडावर मालकाचा गाल टेकून टेकून एक जागा गुळगुळीत झाली हाये. ते मी कोनाले देऊ?

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना सेवाग्रामच्या दवाखान्यातून सुटी काढून आली. म्हने, "चाल आई, वर्ध्याले."

"सासऱ्याच्या इरोधात?"

"सासऱ्याले मी रोज भाकर देतो. आज आईची पाळी."

दुकानदार प्रफुलनं बंदूक पाह्यली अन् हातभर लांब दुर्बीण काढली. म्हटलं, "बापा, मले निंबू पाहाचा हाये, चंद्रावरचे खड्डे नाई." रस्त्याच्या पल्याड शरबताची गाडी होती. मी दुकानापासून पावलं मोजली, बरोब्बर पंधरा भरली. दुर्बिनीतून पाह्यलं तं निंबवायचा नुसता पिवळा ढग.

"मावशी, हे लांबच्या निशाण्याची हाये. जवळचं धूसरच दिसन," प्रफुल म्हने. मंग त्यानं लहान काढली, चारपट दाखवनारी, समोरून फिरवाच्या कड्याची. कडं जरासं फिरवलं, अन् अगं माय! मी तिथूनच वरडली, "ओ भाऊ, तुमचा तिसरा निंबू सडका हाये!"

आता ते बंदुकीवर बसवाची कशी? पहिली पकड रुंद निघाली, आमच्या बंदुकीच्या खाचेत डुगडुगे. दुसरी नीट बसली. तिच्या बुडाशी खुटी होती. "स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का वाईट," प्रफुल म्हने, "दुर्बीण मांगं सरकत जाते. हे खुटी तिले धरून ठेवते."

"हेच द्या," म्हटलं. "आमच्या संसारात हे खुटी मीच होती."

आठ दिवस वांग्याच्या वावरात पंधरा पावलं मोजून निशाना बसवला. ढीगभर निंबू फोडले. पोळ्यापर्यंत मी हवेत होती.

अन् तिथंच माती खाल्ली. आमच्यात मांगच्या साली जो जिंकला तोच पावलं मोजते, हे मी इसरलीच होती. इवाई सहा फुटाचे. त्यायची पंधरा म्हंजे माही बावीस!

पहिला छर्रा इवाईचा. हवेनं निंबू हालला, हुकला. माहा वरून गेला. त्यायचा दुसराबी हुकला, माहाबी पुन्हा वरूनच. मंग डोक्यात उजेड पडला, दुर्बीण नळीच्या वर राह्यते, छर्रा खालून चढत येते; निशाना जवळून बसवला, म्हनून इथून छर्रा बोटभर वर जाते. इवाईचा तिसरा पोत्यात घुसला. आता माह्याकडं एकच राह्यला. निंबवाच्या खाली बोटभर धरलं, गाल मालकाच्या जागेवर टेकवला, अन् घोडा जरा घाईनंच दाबला.

टप्! दोरा तुटला. निंबू आख्खाच्या आख्खा खाली.

"फुटला नाई! फुटला नाई!" इवाई नाचाले लागले.

मी निंबू उचलला. "इवाईजी, या खेळाचं नाव काय?"

"निंबू-पा..."

"पाड म्हनतेत ना? फोड तं नाई म्हनत!"

काय गलका झाला बापा! ज्योत्स्नानं सासऱ्यासमोर शिट्टी वाजवली. इवाईबी मंग पोट धरून हासले. बंदूक त्यायनं सोताच उचलून माह्या हातात देल्ली. "घ्या ईनबाई. दोरा तानबाजीनंच कापला."

माहे डोये भरून आले. खरं सांगू? मले निंबू फोडाचाच होता. पन हे मी कोनाले सांगतलं नाई.

"पुढच्या साली पावलं कोन मोजन, मालूम हाये ना?" मी इचारलं.

इवाईनं माह्या पायाकडं पाह्यलं. "बाई, तुमची पावलं तं लहान हायेत!"

"हो ना," म्हटलं, "अन् त्या दिवशी लुगडंबी घट्ट नेसून येईन."