प्रयोगशाळेतली मंद गाडी

मित्रांनो, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत लांब टेबलावर धावणारी चार चाकांची लाकडी गाडी पाहिली आहे ना? तीच मी. आता म्हातारी झाले आहे, पण पळायची हौस काही फिटलेली नाही!

सुताराने मला घासूनपुसून गुळगुळीत केलं आणि पितळी चाकं बसवली. मला दोरी बांधायची, ती कप्पीवरून खाली सोडायची आणि टोकाला वजन लटकवायचं. वजन खाली निघालं की मी पुढे पळे. मुलं अंतर मोजत, वेळ मोजत, आलेख काढत. तेव्हा माझं काय कौतुक होतं म्हणून सांगू!

पुढे माझा वेग मंदावला. आलेख पुस्तकातल्यासारखा येईना. मग या शहाण्यांनी युक्ती काढली. आधी पुस्तकातला आलेख काढायचा आणि त्यावरून उलटे आकडे लिहायचे. मी आपली जागच्या जागी! मला फार वाईट वाटे. त्यातच मॅडमनी मला भंगारात द्यायचं ठरवलं. भंगारवाला दुसऱ्या दिवशी येणार होता.

त्या दिवशी वर्गात जिला सगळे 'निवांत' म्हणून चिडवत, ती मुलगी उशिरा आली. चांगल्या गाड्या इतरांनी केव्हाच पटकावल्या होत्या. तिच्या वाट्याला आले मी. तिने मात्र मला खरंच पळवलं आणि आले तेच आकडे लिहिले. ते पाहून मॅडम म्हणाल्या, "गाडीच मंद आहे गं ती. दुसरी घे."

"मंद आहे हे कळलं, मॅडम. पण का मंद आहे?"

निवांतने मला उलटं केलं. माझ्या आसाभोवती केसांचा आणि दोऱ्यांचा हा गुंता! टाचणीने तिने तो सावकाश सोडवला. मग त्याच वजनाने मी अशी सुटले, की तिने झेललं म्हणून वाचले.

मॅडमनी सगळ्यांना जवळ बोलावून समजावलं. गाडी किती वेळात कुठे पोचली, वेग कसा वाढला, एवढंच सांगते ती शुद्धगतिकी. कोणत्या बलाने तिला ओढलं, कोणत्या घर्षणाने अडवलं, हे शोधते ती गतिकी. "आपण अर्ध्यावरच थांबलो होतो," असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला येऊ नको असा निरोप धाडला.

मित्रांनो, एखादी वस्तू अडखळत असेल किंवा एखादा सोबती मागे पडत असेल, तर तो किती मागे आहे एवढंच मोजून निघून जाऊ नका. जरा थांबा, वाका, कुठे काय अडकलंय ते बघा. पळायचं तर प्रत्येकालाच असतं.