होय म्हणणारं माणूस

“वो टुट एस वे?” आर्याने विचारलं.

सोफ्यावर आडवे झालेल्या आत्माराम परबांनी तोंड वेडंवाकडं करून गुडघा दाखवला. गेलं वर्षभर नात जर्मन शिकत होती आणि आजोबा तिचे पेशंट होत होते. नर्सिंगचं शिक्षण संपलं, तिकडच्या इस्पितळात नोकरी लागली, आज दुपारी ती निघणार होती, तरी सकाळी सकाळी सराव चालूच.

“आजोबा, रोज काय गुडघा? कधीतरी दुसरं काहीतरी दुखू दे ना!”

“जे दुखतं तेच सांगणार. खोटं बोलायला मला तुझी जर्मन येत नाही.”

ती हसत बॅग भरायला पळाली. कुठे दुखतंय, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. आत्मारामांच्या मनात मात्र तो दर वेळी वेगळ्याच शब्दांत उमटायचा. खंय दुखता? असं विचारणारी एकच बाई होती, त्यांची बायको यमुना, आणि तिला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती.

कुडाळजवळच्या गावातून ते मुंबईला आले आणि एका सरकारी कचेरीत चौकशीच्या खिडकीवर बसले. पहिल्याच दिवशी समोरच्या माणसाला त्यांनी “खंय जावचा आसा?” विचारलं आणि मागे अख्खी कचेरी खो-खो हसली. त्यानंतर त्यांनी शुद्ध बोलणं हट्टाने शिकून घेतलं. रेडिओवरच्या बातम्या ऐकायच्या आणि तशाच्या तशा मोठ्याने म्हणायच्या. पुढे एका बाईने “तुम्ही पुण्याचे का हो?” असं विचारलं, तेव्हा स्वारी घरी येईपर्यंत फुगून होती. यमुनेने ती हवा उंबऱ्यातच काढली.

“खिडकेर बसान काय ता शुद्ध बोला. घरात इल्यार माझ्यावांगडा नीट बोला.”

मग बोळिंजच्या या घरात दार लागलं की मालवणी सुरू व्हायची. माशांचे भाव, शेजाऱ्यांची उणीदुणी, भांडणं, समेट, सगळं मालवणीत. मुलाशी, हर्षवर्धनशी, मात्र दोघं ठरवून शुद्ध बोलली. त्याला कुणी हसायला नको. आणि खरंच, त्याला कधी कुणी हसलं नाही.

आता घरात मुलगा, सून, नात, सगळे मायेने बोलायचे. तरी आत्मारामांना त्या बोलीची भूक लागायची, चक्क जेवणाची लागावी तशी. गावी फोन लावला तर पुतण्याही म्हणायचा, “काका, कसे आहात? तब्येत बरी ना?” फोन ठेवताना ते अगदी उदास होत.

आज तर त्यांना त्या बोलीचं कामच होतं. घरातलं माणूस लांब निघालं की देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, ही परबांची रीत. घालणारा एकेक मागणं मागून थांबतो आणि घरच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. त्याशिवाय मागणं देवाला पोचत नाही. आणि ज्याने मागितलं त्याने स्वतः होय म्हणायचं नसतं. या घरात ते यमुना म्हणायची, स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून, डोक्यावर पदर घेऊन.

हर्षवर्धनला सांगून ठेवावं, असं चार दिवस त्यांच्या मनात होतं. पण समजावून सांगायचं म्हणजे पुन्हा खिडकीत बसल्यासारखंच झालं असतं. लहानपणी गावच्या गणपतीत हाच पोरगा सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ ओरडायचा. त्याला आठवेल. न सांगता आठवलं तरच त्यात गंमत.

नारळासाठी ते रिक्षाने नंदाखालला गेले. बॅप्टिस्टच्या वाडीतूनच ते नेहमी नारळ न्यायचे. ते पोचले तेव्हा विहिरीपाशी कपडे धुणारी त्याची बायको इझाबेल त्याला त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी सुनावत होती आणि तोही तितक्याच जोरात उत्तर देत होता. आत्मारामांना निम्मंच कळलं. ते पिशवी हातात धरून ऐकत राहिले, आणि त्यांना त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला.

“काय म्हणते मंडळी?”

“तुमाला चा पाजल्याशिवाय सोडू नको म्हन्ते. मला पन बरंच काय म्हनाली, ते जाऊ द्या. शेंडीवाला पायजे ना? पोरगी निघाली वाटतं?”

“आजच.” आणि मग का कोण जाणे, ज्या गोष्टी घरात बोलता आल्या नाहीत त्या त्यांनी चहा पिता पिता बॅप्टिस्टला सांगितल्या. गाऱ्हाणं, होय म्हणणारं माणूस, सगळं.

बॅप्टिस्टने विचार केला. “आमच्यात त्या जागी आमेन म्हन्तात. तुमच्या देवाला चालत असंल तर येतो मी.”

दोघंही मनापासून हसले. रिक्षात बसल्यावर आत्मारामांना वाटलं, उगाच हसलो. आणायला हवं होतं त्याला.

दुपारी जेवणं झाली. बॅगा दाराशी आल्या. आत्मारामांनी देवापुढे नारळ ठेवला, पाठीमागे सगळे हात जोडून उभे राहिले. नुसता पहिला शब्द उच्चारला आणि त्यांचा आवाज बदलला. किती दिवसांनी तोंड आपल्या जागेवर आलं होतं.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या घरातला चेडू परमुलकात चल्लाहा. तेच्या वाटेक काय आडवा इला, तर ता दूर कर रे म्हाराजा...”

ते थांबले. पाठीमागे पंखा फिरत होता. त्यांनी किंचित मान वळवली. हर्षवर्धन डोळे मिटून उभा होता, ओठही मिटलेले.

“थंयसरली भाशा तेच्या जिभेर बसू दे. थंय तेका कोण हसा नये रे म्हाराजा...”

पुन्हा थांबले. या वेळी जरा जास्तच.

“झालं का बाबा?” हर्षवर्धन हळूच म्हणाला. “गाडी आलीय खाली.”

“अहो, बोलू द्या ना त्यांना,” सून स्वप्ना कुजबुजली.

“आणि चेडू परत येतला, तेव्हा तेची वाट बघणारा कोणतरी घरात आसू दे रे म्हाराजा...”

ते तिसऱ्यांदाही थांबून राहिले. आत्मारामांनी नमस्कार केला. हर्षवर्धनने “नारळ फोडताय ना?” विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही निघा. उशीर होईल. मी फोडतो मागाहून.”

खाली गाडीपाशी आर्या त्यांच्या गळ्यात पडली. मग मागे होऊन तिने त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

“आजोबा, मघाशी सारखे थांबत होतात. काय होतंय? वो टुट एस वे?”

आत्मारामांनी सवयीने गुडघा दाखवला.

ती रडता रडता हसली. मुलगा-सूनही तिला पोचवायला गाडीत बसले. गाडी सोसायटीच्या फाटकाबाहेर वळली, तसे ते वर आले आणि दार लावून घेतलं.

नारळ देवापुढे तसाच होता. आत्माराम त्याच्यासमोर बसले आणि पहिलं मागणं हलक्या आवाजात पुन्हा मागितलं. मग जमिनीवर हात टेकून कष्टाने उठले, स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, खांद्यावरचा पंचा डोक्यावर घेतला.

“व्हय म्हाराजा,” ते म्हणाले.

पंचा खांद्यावर घेऊन ते देवापाशी परतले. दुसरं मागणं मागितलं. पुन्हा उठताना गुडघा चांगलाच बोलला, पण ते दारापर्यंत गेले आणि होय म्हणून आले. तिसऱ्या मागण्याला, वाट बघणाऱ्या माणसाच्या, त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. दाराशी पोचल्यावर त्यांनी आधी पंचा नीट कपाळापर्यंत ओढला, श्वास सावरला, आणि यमुना म्हणायची तसं शेवटचं ‘व्हय म्हाराजा’ जरा लांबवून म्हटलं.

मग ते परत आले आणि त्यांनी नारळ फोडला.